उघड्या धातूची कांति

लहान प्रमाणावर विमानांच्या प्रतिकृति तयार करणाऱ्या मंडळींत एक अनुभव सर्वत्र सारखाच ऐकावयास मिळतो. हिरव्या, करड्या अथवा मातकट रंगाचें विमान करावयाचें असलें म्हणजे नवशिक्याचा हातही बरा चालतो. परंतु ज्या विमानावर रंगच नव्हता, ज्याचा पत्रा उन्हांत तसाच उघडा चमकत असे, तें विमान करण्याची वेळ आली कीं मुरलेला कारागीरही दोनदां विचार करतो. हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. रंग देण्यापेक्षां रंग न देणें सोपें असावयास पाहिजे. पण खरें विमान धातूचें असतें आणि प्रतिकृति असते प्लॅस्टिकची. तेव्हां जेथें मुळांत कांहींच लावलेलें नव्हतें, तेथें कारागिराला कांहीं तरी लावूनच तो उघडेपणा निर्माण करावा लागतो. या कामांत काय अडचणी येतात व त्या कशा दूर केल्या जातात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विमानें उघडीं कां ठेवीत, हें प्रथम पाहिलें पाहिजे. शुद्ध ॲल्युमिनियम हलकें असतें, पण मऊ असतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञानें त्यांत तांबें व इतर धातु थोड्या प्रमाणांत मिसळून ड्युरल्युमिन नांवाचा कणखर मिश्रधातु तयार केला. हा मिश्रधातु बळकट खरा. परंतु दमट व खाऱ्या हवेंत तो लवकर गंजतो. यावर १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत असा तोडगा निघाला कीं, कणखर पत्र्याच्या दोन्ही बाजूंस शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदीं पातळ थर चढवावयाचा. या दुहेरी पत्र्याला ‘अल्क्लॅड’ असें नांव पडलें. शुद्ध ॲल्युमिनियमवर हवा लागतांच अतिसूक्ष्म असा एक पापुद्रा धरतो आणि तोच आंतील धातूचें रक्षण करतो. तांब्याच्या भांड्याला कल्हई जें काम करते, जवळजवळ तेंच काम येथें हा थर करतो. असा पत्रा वापरल्यावर विमानाला रंगाचें चिलखत घालण्याची निकड राहिली नाहीं.

दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां शत्रूच्या दृष्टीपासून लपण्यासाठीं बहुतेक लढाऊ विमानांना गडद रंग देण्यांत आले. पुढें आकाशांतील पारडें दोस्त राष्ट्रांच्या बाजूस झुकूं लागलें. १९४३ च्या अखेरीस अमेरिकेच्या लष्करी विमानदळानें बहुसंख्य विमानांवरील हें रंगकाम बंद करण्याचें ठरविलें. रंगाचें वजन वांचलें, कारखान्यांतील श्रम व वेळ वांचला, आणि वेगांतही थोडी भर पडली. १९४४ च्या आरंभापासून इंग्लंडमधील तळांवर रुपेरी बी-१७ बाँबर आणि रुपेरी मस्टँग दिसूं लागलीं. युद्धानंतर जेट विमानांच्या पहिल्या पिढींतही ही प्रथा बरीच वर्षें टिकली. भारतीय वायुदलाचीं मिग-२१ विमानेंही याला अपवाद नव्हतीं. नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यांत १९६० नंतरच्या दशकांत जीं मिग-२१ विमानें तयार होऊं लागलीं, त्यांपैकीं अनेक विमानें अंगावर रंग न घेतांच उडत असत. हीं विमानें २०२५ सालीं सेवेंतून निवृत्त झालीं.

आतां प्रतिकृतीकडे वळूं. बाजारांतील साधा रुपेरी रंग प्रतिकृतीवर फासला म्हणजे ती धातूची दिसावी, अशी कोणाचीही अपेक्षा असते. पण ती दिसते रुपेरी रंग फासलेली! याचें कारण मोठें मनोरंजक आहे. रुपेरी रंगांत धातूचे अतिसूक्ष्म पापुद्रे तरंगत असतात. समजा, असा एक पापुद्रा ०.०२ मिलिमीटर रुंद आहे. एकास बहात्तर या प्रचलित प्रमाणाच्या प्रतिकृतीवर तो बसला म्हणजे खऱ्या विमानाच्या हिशेबानें त्याची रुंदी जवळजवळ दीड मिलिमीटर होते. म्हणजे मोठ्या विमानाच्या अंगावर बाजरीच्या दाण्याएवढे चकचकीत कण वेडेवांकडे विखरून टाकावे, तसा हा प्रकार झाला. खरा पत्रा प्रकाश एका दिशेनें परत पाठवितो. म्हणून त्यांत आकाश, जमीन आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाची आकृति अंधुक का होईना, उमटते. रंगांतील वांकडेतिकडे कण तोच प्रकाश दाही दिशांना उधळून देतात. त्यामुळें डोळ्यांना प्रतिबिंब न दिसतां केवळ चमचम दिसते. कण जितके बारीक व जितके सपाट निजलेले, तितका धातूचा भास खरा. प्रतिकृतिकारांनीं गेल्या कांहीं दशकांत जे उपाय शोधले, त्या सर्वांच्या मुळाशीं हें एकच तत्त्व आहे.

तथापि साहित्याचा विचार करण्यापूर्वीं ज्या विमानाची प्रतिकृति करावयाची, त्याचा अभ्यास करणें अगत्याचें असतें. अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन कंपनीचें पी-५१ मस्टँग हें विमान याचें उत्तम उदाहरण आहे. छायाचित्रांत तें नखशिखांत रुपेरी दिसतें, आणि पुष्कळ प्रतिकृतिकार त्याला एकाच चकाकीनें मढवून मोकळे होतात. वस्तुस्थिति निराळी होती. मस्टँगचा पंख हवेला कमींत कमी अडथळा व्हावा अशा विशेष आकाराचा होता. पत्र्याचे सांधे किंवा रिव्हेटांचीं डोकीं वर आलीं तर तो लाभ नाहींसा होई. म्हणून कारखान्यांत पंखाच्या पुढील सुमारें ४० टक्के भागावरील सांधे व रिव्हेट लांबी भरून बुजवीत, तो भाग घासून गुळगुळीत करीत आणि पंखावर ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी रंग देत. सारांश, धड उघड्या धातूचें, पण पंख रंगविलेले! उभें सुकाणूं तर पत्र्याचें नसून कापडानें मढविलेलें होतें आणि त्या कापडावर रुपेरी लेप असे. वैमानिकाच्या पुढील भागावर उन्हाची तिरीप डोळ्यांत जाऊं नये म्हणून मंद हिरवट रंगाचा पट्टा दिलेला असे. अशा रीतीनें एकाच विमानावर तीन प्रकारचें ‘रुपें’ नांदत होतें: झळकणारा पत्रा, सपाट रंग आणि निस्तेज कापड. हा भेद ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून झालेली प्रतिकृति दहा हातांवरूनही वेगळी ओळखूं येते.

यानंतर येतें पूर्वतयारीचें काम. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ अशी म्हण आहे. मंद रंगाखालीं लहानमोठे दोष सहज झांकून जातात. धातूच्या कांतीखालीं मात्र मूठ उघडी पडते. प्लॅस्टिकच्या दोन भागांमधील सांधा जरा उंचसखल राहिला, बोटाचा ठसा राहिला, किंवा पॉलिश पेपरचा एखादा ओरखडा राहिला, तर तो शेवटीं नेमका चकाकून वर येतो. म्हणून सांधे लांबीनें भरल्यावर ते आधीं ४०० क्रमांकाच्या पेपरनें, मग ८०० व १२०० क्रमांकाच्या पेपरनें, आणि शेवटीं २००० किंवा त्याहूनही बारीक पेपरनें पाण्यांत बुडवून घासतात. प्रत्येक पायरीचे ओरखडे पुढच्या पायरीनें पूर्ण घालवावयाचे असतात. मधली एखादी पायरी गाळली तर तिचा सूड शेवटीं निघतो. घासतांना पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेषा बुजल्या तर त्या बारीक सुईनें पुन्हां कोराव्या लागतात. त्यानंतर प्रतिकृति साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून वाळवितात आणि पुढील सर्व काम सुती हातमोजे घालून करतात. कारण बोटांचें तेल हा या कामाचा मोठा शत्रु आहे.

आतां प्रत्यक्ष कांति आणण्याच्या मुख्य रीति दोन आहेत. पहिली वर्खाची. बर्फीवर चांदीचा वर्ख बसवितात हें श्रोत्यांना ठाऊक आहेच. तोच प्रकार येथें ॲल्युमिनियमच्या वर्खानें करतात. स्वयंपाकघरांत पोळ्या गुंडाळण्यासाठीं जो वर्ख वापरतात, त्याची जाडी साधारणपणें ०.०१६ मिलिमीटर असते. बहात्तर पटींनीं ती सव्वा मिलिमीटरहून थोडी कमी भरते. म्हणजे खऱ्या विमानाच्या पत्र्याच्या जाडीशीं ती बरीच जुळते! या वर्खाची एक बाजू चकचकीत व दुसरी मंद असते. कारखान्यांत शेवटच्या वेळीं रुळांमधून एकावर एक असे दोन पत्रे एकदम काढतात. रुळाला लागलेली बाजू झळकते आणि एकमेकांना लागलेल्या बाजू मंद राहतात. कारागिराला यामुळें एकाच वर्खांतून दोन छटा आयत्याच मिळतात.

वर्ख बसवितांना विमानावरील एकेका पत्र्यापुरता तुकडा थोडा मोठा कापून घेतात. त्याच्या मागील बाजूस पातळ डिंकासारखा चिकट द्रव लावून तो ओलसर न राहतां नुसता चिकट लागेल इतका वाळूं देतात. मग तुकडा जागेवर ठेवून मध्यापासून कडांकडे कापसाच्या बोळ्यानें हलकेंच दाबीत जातात, म्हणजे खालीं हवा कोंडत नाहीं. लांकडी काडीचें टोंक झिजवून तिनें सांध्यांच्या रेषांत वर्ख बसवितात आणि अगदीं नव्या पात्यानें त्या रेषेवरूनच कड कापतात. पातें जुनें असेल तर वर्ख कापला न जातां फाटतो. सपाट अंगावर ही रीति अतिशय सोपी आहे. परंतु पंखाचें टोंक, इंजिनाचा पुढील गोलावा अशा दोन दिशांनीं वळलेल्या जागीं वर्खाला सुरकुत्या पडतात. तेथें तुकडे लहान करावे लागतात व धीर मोठा ठेवावा लागतो. सर्व तुकडे बसल्यावर अतिबारीक पॉलिश पेपरनें एक पत्रा उभा व शेजारचा आडवा असा हळुवार घासला म्हणजे प्रत्येकावर प्रकाश वेगळा पडतो. खऱ्या विमानांतही पत्रे रुळांतून निघाल्याच्या दिशेप्रमाणें निरनिराळे चमकतात. हा परिणाम कोणत्याही रंगानें इतका हुबेहूब साधत नाहीं. कारण येथें धातूचें सोंग नसून धातूच असतो.

दुसरी रीति फवाऱ्याची. धातूचे अत्यंत बारीक कण असलेले विशेष लॅकर रंग आतां मिळतात. ‘अल्क्लॅड टू’ या नांवाचे रंग प्रतिकृतिकारांत फार प्रसिद्ध आहेत. पाण्यांत मिसळणारे तशाच जातीचे रंगही निघाले आहेत. या रीतींत यशापयश बव्हंशीं अस्तरावर अवलंबून असतें. अधिक झळकणाऱ्या छटांखालीं आरशासारखा गुळगुळीत, चकचकीत काळा रंग द्यावा लागतो. काळें अस्तर कणांमधून आंत झिरपलेला प्रकाश गिळून टाकतें, त्यामुळें पृष्ठभागावरून परत येणारें प्रतिबिंबच तेवढें डोळ्यांस दिसतें. अस्तर पांढरें किंवा खडबडीत असेल, तर वरची कांति दुधाळ होते. अस्तर पूर्ण वाळण्यास एक दिवस, वेळीं दोन दिवसही थांबावें लागतें. उतावीळपणानें ओल्या अस्तरावर लॅकर मारला तर त्यांतील द्रावक खालचा थर फाडतो आणि सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात.

लॅकर एअरब्रशनें, दर चौरस इंचास १२ ते १५ पौंड इतक्या कमी दाबानें, दोन-तीन इंचांवरून, धुक्यासारख्या पातळ थरांनीं मारतात. प्रथम काळ्यावर नुसती धूसर छाया येते. तीन-चार फेऱ्यांनंतर एकाएकीं धातु उजळतो. हाच थांबण्याचा क्षण होय. अधिक चांगलें व्हावें या लोभानें आणखी दोन थर चढविले, तर कण एकमेकांवर वेडेवांकडे साचतात आणि हातीं आलेली कांति करडी होऊन निघून जाते. येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. या रंगांतील द्रावकांची वाफ फुप्फुसांस व मेंदूस अपायकारक असते, आणि ती पेटूंही शकते. खिडक्या उघड्या ठेवून, वाफ शोषणारा योग्य मुखवटा बांधून आणि जवळपास दिवा, शेगडी अथवा उदबत्तीही न ठेवतां हें काम करावें. लहान मुलांच्या हातीं हे रंग देऊं नयेत. त्यांना वर्खाची रीति शिकवावी.

एकाच छटेचें विमान खेळण्यासारखें दिसतें. म्हणून पहिला थर पक्का वाळल्यावर निवडक पत्र्यांभोंवतीं चिकटपट्टी लावून कांहीं पत्रे किंचित गडद, कांहीं किंचित उजळ करतात. चिकटपट्टीचा चिकटपणा आधीं कांचेवर दोन-तीनदां चिकटवून कमी केला नाहीं, तर ती सोलतांना धातूही सोबत घेऊन येते. फरक अगदीं थोडा असावा. बुद्धिबळाच्या पटासारखा दिसूं लागला कीं समजावें, हात वाहवला. इंजिनाच्या धुराड्यांजवळ तापणारा पत्रा बहुधा दुसऱ्या, अधिक उष्णता सोसणाऱ्या धातूचा असतो. अमेरिकेच्या एफ-१०० सुपर सेबर या जेट विमानाच्या शेपटाकडील भाग तापून त्यावर पिंगट, जांभळ्या व निळ्या छटांचे पट्टे उमटत. लोहाराच्या भट्टींत पोलाद तापवितांना पाण्याच्या क्रमानें जे रंग चढतात, त्यांचाच हा प्रकार. प्रतिकृतीवर हे पारदर्शक रंगांच्या विरळ फवाऱ्यांनीं आणतात. प्रथम पिंगट, मग जांभळा आणि सर्वांत तापलेल्या जागीं निळा, असा क्रम ठेवतात.

चिन्हें व क्रमांक लावतांनाही जपावें लागतें. पाण्यांत भिजवून सरकविण्याच्या चिन्हांभोंवतीं पारदर्शक पापुद्र्याची कड असते. हिरव्या रंगावर ती लपते, धातूवर मात्र ती लगेच उठून दिसते. म्हणून ती आकाराला लागून कापून टाकतात. कित्येक जण शेवटीं संरक्षणासाठीं सबंध प्रतिकृतीवर पारदर्शक वार्निश मारतात. त्यामुळें चिन्हें सुरक्षित राहतात खरीं, पण प्रकाशाला धातूपर्यंत जातांना व परततांना एक आडपडदा येतो आणि धातु पुन्हां रंगासारखा दिसूं लागतो. वर्खावर तर वार्निशची गरजच नाहीं. जेथें पत्रा खरोखर रंगविलेला होता, त्या पंखांवर आणि सुकाणूंवर मात्र वार्निश मारण्यास हरकत नसते. उलट त्यानें तो भेद अधिक स्पष्ट होतो.

जुनेपणा दाखवितांना पुष्कळांची एक चूक होते. रंगविलेल्या विमानांवर पाय ठेवण्याच्या जागीं रंग उडून रुपेरी ठिपके दिसतात. तेच ठिपके ते उघड्या धातूवरही काढतात. पण जेथें रंगच नाहीं, तेथें उडणार काय? असे ठिपके मस्टँगच्या हिरवट पट्ट्यावर, किंवा निरनिराळ्या पथकांनीं ओळखीसाठीं नाकावर दिलेल्या लाल-निळ्या रंगावरच शोभतात. अमेरिकेच्या ४ थ्या फायटर ग्रुपच्या मस्टँगांचीं नाकें लाल होतीं आणि ३५२ व्या ग्रुपचीं निळीं. उघडा पत्रा जुना होतो तो वेगळ्या प्रकारानें: त्याची चकाकी मंदावते, धुराड्यांमागें करड्या रेघा ओढल्या जातात, इंजिनाच्या सांध्यांतून तेल झिरपतें, आणि चढण्याउतरण्याच्या वाटेवर बुटांचे ओरखडे पडतात.

येथेंच या छंदांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो: विमान किती चमकलें पाहिजे? आज संग्रहालयांत आणि हवाई प्रदर्शनांत जीं जुनीं मस्टँग विमानें दिसतात, त्यांतील अनेकांना जिल्हई करून आरशासारखें केलेलें असतें. तीं पाहून ज्यानें प्रतिकृति केली, त्यानें आजच्या धनिक मालकाच्या हौसेची प्रतिकृति केली. १९४४ सालच्या विमानाची नव्हे. इंग्लंडच्या पावसांत, चिखलाच्या धांवपट्टीवर, रात्रंदिवस उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानाला आरशाची चकाकी राहणें शक्य नव्हतें. एखाद्या पथकांतील हौशी तंत्रज्ञ वेग वाढावा म्हणून आपलें विमान घासून लखलखीत ठेवीत, हेंही खरें आहे. पण तो अपवाद होता, आणि अपवाद दाखवावयाचा तर त्या विशिष्ट विमानाचें त्या वेळचें छायाचित्र हातीं असावें. त्या छायाचित्रांत सावल्या कोठें पडल्या आहेत, जमिनीचें प्रतिबिंब पोटावर दिसतें कीं नाहीं, एक पत्रा शेजारच्यापेक्षां काळसर कां आहे, हें जो बारकाईनें पाहतो, त्याला उत्तर सांपडतें.

१९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें शाळांतील मुलांकडून पांच लक्ष लांकडी विमानप्रतिकृति करवून घेण्याची योजना आंखली होती. वैमानिकांना व टेहळ्यांना शत्रुमित्र ओळखतां यावें, हा तिचा हेतु होता. त्या सर्व प्रतिकृति काळ्या रंगवावयाच्या होत्या. कारण दूरच्या आकाशांत दिसते ती केवळ आकृति. त्या मुलांना आकार बरोबर आणावयाचा होता, कारण त्यावर माणसांचे जीव अवलंबून होते. आज प्रतिकृति करणाऱ्यावर तशी जबाबदारी नाहीं. तरी ज्या विमानांत बसून विशींतले तरुण गेले व पुष्कळसे परतले नाहींत, त्या विमानाविषयीं पाहणाऱ्याला खरें सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर राहतेच. सहा इंचांच्या पंखविस्तारावर थोडीशी मंद झालेली कांति, धुराड्यामागची करडी रेघ आणि सुकाणूंवरचें निस्तेज कापड एवढें जरी बरोबर उतरलें, तरी तें काम त्यानें चोख बजाविलें असें म्हणतां येईल.